आधी झाड की आधी तार?

मे महिना संपत आला की वीज कंपनीची माणसे कोयते, करवती आणि शिडी घेऊन गावोगाव फिरू लागतात. पावसाळ्यापूर्वीच्या या छाटणीनंतर रस्त्याकडेची झाडे विचित्र दिसतात. कुणाचा शेंडा सपाट झालेला, कुणाच्या मधोमध मोठी खाच पडलेली, तर कुणाची एकच बाजू शिल्लक उरलेली. शाळेच्या आवारातल्या झाडावर कोयता चालला की मुले हटकून विचारतात, "झाड आपले, मग हे कोणाला विचारून तोडतात? आणि आपण नाही म्हटले तर?" प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाचा वाटतो. तो तिकडे सरकवून द्यावा असा मोह विज्ञानाच्या शिक्षकाला होणे साहजिक आहे. पण हा वाद कोणी ऐकायचा हे ठरवताना शेवटी तारेचा झोळ, झाडाची वाढ आणि झाडाचे वय याच गोष्टी पुढे येतात. म्हणून सुरुवात तारेपासून करू.

दोन खांबांमधली तार कधीही सरळ नसते. तिला झोळ असतो, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. तार ताणून सरळ करू गेल्यास तिच्यातला ताण इतका वाढेल की ती तुटेल. हा झोळ दिवसभर सारखा राहत नाही. ऊन आणि तारेतून वाहणारा विद्युतप्रवाह या दोन्हींनी तार तापते, तापली की लांब होते आणि लांब झाली की खाली येते. किती खाली येते, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. भिंतीवर एकाच उंचीवर ३ मीटर अंतराने दोन खिळे ठोका. त्यांच्यामध्ये बरोबर ३०१ सेंटिमीटर लांबीची बारीक साखळी किंवा जड दोरी टांगा. फक्त १ सेंटिमीटर जादा लांबी आहे, तेव्हा मध्यभागी ती किती खाली येईल? मुले एक, दोन फार तर तीन सेंटिमीटर सांगतात. मोजून पाहिले तर झोळ साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. लांबी आणखी १ सेंटिमीटरने वाढवली की तो १५ सेंटिमीटर होतो. हिशेब असा : झोळाचा वर्ग काढायचा, त्याला ८ ने गुणायचे आणि दोन टोकांमधल्या अंतराच्या तिपटीने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे तारेची जादा लांबी. झोळ अंतराच्या मानाने लहान असेल तोवर हे सूत्र चांगले चालते.

आता हेच सूत्र मोठ्या वाहिनीला लावू. दोन मनोऱ्यांमध्ये ३०० मीटर अंतर आणि सकाळी ६ मीटर झोळ आहे असे समजा. म्हणजे तारेची लांबी ३०० मीटर ३२ सेंटिमीटर झाली. दुपारपर्यंत तार ४० अंशांनी तापली. पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमच्या तारा पिळलेली अशी तार दर अंशाला आपल्या लांबीच्या साधारण दहा लाखांश १९ भाग इतकी वाढते. ३०० मीटरला ही वाढ होते सुमारे २३ सेंटिमीटर. सूत्रात घालून पाहा. झोळ ६ मीटरवरून जवळजवळ ७ मीटर ८५ सेंटिमीटरवर जातो. (झोळ वाढला की ताण कमी होतो आणि तार थोडी आखडते, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक यापेक्षा काहीसा कमी भरतो.) सकाळी तारेखाली सुरक्षित दिसणारा शेंडा दुपारी तिला भिडलेला असू शकतो, तो असा. त्यातून दाब फार मोठा असेल तर तारेला शिवण्याचीही गरज नाही. मधल्या थोड्याशा हवेतूनच ठिणगी उडते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १४ ऑगस्ट २००३ रोजी नेमके हेच घडले. क्लीव्हलँडजवळच्या ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या दुपारी ३ वाजून ५ मिनिटे, ३ वाजून ३२ मिनिटे आणि ३ वाजून ४१ मिनिटे या वेळी झाडांना लागून बंद पडल्या. पहिलीवर तिच्या क्षमतेच्या अवघा ४४ टक्के भार होता, दुसरीवर ८८ आणि तिसरीवर ९३ टक्के. म्हणजे एकीवरही तिला न पेलणारे ओझे नव्हते. अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त चौकशी पथकाने सांगितलेले कारण साधे होते : वाहिनीखालच्या पट्ट्यातली झाडे जास्त उंच वाढू दिली होती. त्याच दुपारी कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणालीही बंद पडली होती, त्यामुळे काय चालले आहे हे तिथल्या माणसांना वेळेवर कळले नाही. एका वाहिनीचा भार दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर असे होत अमेरिकेतली आठ राज्ये आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांतली सुमारे ५ कोटी माणसे अंधारात गेली.

त्यानंतर तिथल्या वीज कंपन्या झाडांच्या बाबतीत कडक झाल्या. आधी फांदी छाटून भागत असे, तिथे आता झाडच काढण्याचा आग्रह सुरू झाला. त्याच ओहायोत एका दांपत्याच्या आवारात रुपेरी मेपलचे एक मोठे झाड होते. जमिनीवरून वाहिनी नेण्याचा आणि तिला अडथळा करणारी झाडे काढण्याचा हक्क कंपनीकडे जुन्या करारानेच होता. झाड तोडायचे असे कंपनीने ठरवले. छाटणी पुरेशी आहे असे म्हणत दांपत्य न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने झाड तोडण्यास मनाई केली आणि अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. पण २००९ साली ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही निर्णय रद्द केले. झाड तोडावे की राखावे याबद्दल त्या न्यायालयाने काहीच ठरवले नाही. त्याने एवढेच सांगितले, की हा वाद दिवाणी न्यायालयाने ऐकायचा नाही. तो राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगापुढे गेला पाहिजे.

यासाठी न्यायालयाने दोन प्रश्नांची कसोटी लावली. वादाचा निकाल द्यायला आयोगाकडचे खास ज्ञान लागते का? आणि ज्या कृतीबद्दल तक्रार आहे ती अशा कंपनीच्या नेहमीच्या कामकाजात मोडते का? दोन्हींचे उत्तर 'हो' आले तर वाद आयोगाचा. कराराची भाषा स्पष्ट होती, तिच्याबद्दल भांडण नव्हते. छाटणी पुरेल की झाडच काढावे लागेल, एवढाच मुद्दा उरला होता. तो ठरवायला झोळ, दाब आणि त्या जातीच्या झाडाची वाढ समजणारे माणूस हवे, असा हा विचार. माझ्या मते तो तर्कशुद्ध आहे. पण त्यात एक खोचही आहे. घराजवळच्या न्यायालयात जाणे सामान्य माणसाला जमते; आयोगापुढे कंपनीच्या अभियंत्यांशी तांत्रिक वाद घालणे त्यामानाने कठीण.

आपल्याकडे काय? आपल्याकडे न्यायालयांना ही वाटणी करत बसावे लागले नाही, कारण कायद्यानेच ती फार पूर्वी करून ठेवली, आणि तीही विजेसाठी नव्हे तर तारायंत्रासाठी. १८८५च्या भारतीय तार अधिनियमाच्या १८व्या कलमात अशी तरतूद होती, की तारेजवळचे झाड संदेशवहनात अडथळा आणत असेल किंवा आणण्याचा संभव असेल, तर तार खात्याने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा; दंडाधिकाऱ्याने ते झाड काढवावे किंवा योग्य वाटेल ती दुसरी तजवीज करावी. आणि झाड तारेच्या आधीपासूनचे असेल, तर मालकाला वाजवी भरपाई द्यावी.

आजच्या विद्युत अधिनियम २००३च्या ६८व्या कलमात जवळजवळ हेच शब्द आहेत. दंडाधिकारी मात्र आता कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तालुक्याच्या पातळीवर सामान्यतः तहसीलदार. सरकारने दुसरा कोणी अधिकारी नेमला असेल तर तो. अर्ज करायचा तो वीज कंपनीने. 'झाड' या शब्दात झुडूप, कुंपणाची झाडी, रान आणि इतर कोणतीही वनस्पती येते, असा खुलासाही तिथेच आहे. बांबूचे बेट असो की मेंदीचे कुंपण, नियम तोच.

या कलमातल्या दोन गोष्टी नीट वाचण्यासारख्या आहेत. झाड काढावे 'किंवा अन्य रीतीने त्याची व्यवस्था लावावी' असे कायदा म्हणतो. म्हणजे छाटणीने काम भागत असेल तर तसा आदेश देता येतो, आणि मालकाला तसा आग्रह धरता येतो. ओहायोतला वाद याच मुद्द्यावरचा होता. दुसरी गोष्ट म्हणजे भरपाई फक्त वाहिनीच्या आधीपासून उभ्या असलेल्या झाडाची. तार टाकल्यानंतर तिच्याखाली लावलेल्या झाडाला ती नाही. नाहीतर तार येताच तिच्याखाली कलमे लावून भरपाई मागणारे काही कमी निघाले नसते!

व्यवहारात दरवर्षीच्या छाटणीचे प्रकरण तहसीलदारापर्यंत क्वचितच जाते. वायरमन येतो, फांद्या तोडतो, जातो. त्यात वाईटच आहे असे नाही. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीचा जमिनीशी दाब सुमारे ६,३५० व्होल्ट असतो. ओल्या झाडाचा रोध ५० हजार ओहम आहे असे समजू. मग झाडातून ०.१२७ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. शेकडो अँपिअर पेलणाऱ्या वाहिनीला एवढ्याशा गळतीची दखलही नाही. फ्यूज उडणार नाही, दिवे जाणार नाहीत. पण माणसाच्या छातीतून ०.०३ अँपिअर गेले तरी प्राणावर बेतू शकते, आणि त्या झाडाखाली पावसात कोणी उभे असेल, गुरे बांधलेली असतील. म्हणून छाटणी अडवून धरणे हा उपाय नाही. खटका उडतो तो ती किती आणि कशी करावी यावर.

शेंडा सपाट कापला की त्याखालचे सुप्त डोळे एकदम फुटतात आणि सरळसोट, कमकुवत जोडाचे धुमारे तारेकडे झेपावतात. पुढच्या वर्षी काम दुप्पट. याउलट फांदी तिच्या मुळाशी, खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता कापली आणि तारेपासून दूर जाणाऱ्या फांद्या राखल्या, तर वाढीची दिशाच बदलते. ॲलेक्स शिगो या अमेरिकी वृक्षतज्ज्ञाने दाखवून दिले, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमी भागाभोवती भिंती उभारते आणि तो भाग कायमचा वेगळा पाडते. चुकीच्या जागी कापले की या भिंती कच्च्या राहतात आणि आतून कुजणे सुरू होते. वीजवाहिन्यांजवळची छाटणी कशी करावी यावर त्यांनी १९९०मध्ये वेगळे पुस्तकच लिहिले. कंपनीकडे लेखी मागणी करायची तर 'तोडू नका' यापेक्षा 'अशी छाटा' ही मागणी जास्त उपयोगी.

माड मात्र याला अपवाद. नारळाच्या झाडाला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो कापला की झाड मेले. म्हणजे माडाचा शेंडा 'छाटला' याचा अर्थ माड तोडला. तारेखालच्या माडाच्या बाबतीत फार तर झावळ्या काढता येतात किंवा तार हलवता येते. मधला मार्ग नाही. कोकणात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कागदावर 'शेंडा छाटला' एवढेच लिहिले गेले तर नुकसान किरकोळ भासते. पंचनाम्यात 'माड मेला' असे स्पष्ट लिहून घ्यावे.

आतापर्यंतची गोष्ट उभ्या असलेल्या वाहिनीची झाली. नवी वाहिनी टाकताना झाडे तुटली तर दार बदलते. ज्या कंपनीला सरकारने विद्युत अधिनियमाच्या १६४व्या कलमाखाली तार खात्याचे अधिकार दिले आहेत (मनोऱ्यांवरून जाणाऱ्या मोठ्या पारेषण वाहिन्यांच्या बाबतीत बहुधा असे असते), तिला जुना तार अधिनियमच लागू होतो. शक्य तितके कमी नुकसान करणे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देणे तिच्यावर बंधनकारक आहे. जमीनमालकाने काम अडवले तर कंपनी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे जाते. भरपाई अपुरी वाटली तर मालकाने जायचे ते जिल्हा न्यायाधीशाकडे. भरपाईवर दोघा भावांनी दावा सांगितला तर तो वादही तिथेच. दूरसंचाराचा नवा कायदा २०२३ साली झाला, तरी तार अधिनियमाचा हा भाग वीजवाहिन्यांसाठी त्यात मुद्दाम राखून ठेवला आहे. भारतातली शेवटची तार २०१३ साली गेली, पण तारेचा कायदा विजेच्या मनोऱ्यांवर अजून जिवंत आहे!

कंपनीकडे हे खास अधिकार नसतील तर नुकसानभरपाईचा वाद ६७व्या कलमाप्रमाणे राज्य विद्युत नियामक आयोगाकडे जातो. येथे आपला कायदा ओहायोच्या वाटेने जातो, पण पैशांपुरताच. शहरात महापालिका किंवा नगरपालिकेचे वृक्ष प्राधिकरण असते, १९७५च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखालचे. झाड तोडायची परवानगी द्यावी की नाही हा त्याचा विषय. खेड्यात आंबा, फणस, चिंच, साग, जांभूळ अशा ठरावीक जातींसाठी १९६४चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. या दोन्ही ठिकाणी भरपाई मागून उपयोग नाही, आणि जिल्हा न्यायाधीशाकडे 'परवानगी का दिली' असे विचारून उपयोग नाही. माणसे फसतात ती इथे. एकच अर्ज घेऊन या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरतात, आणि प्रत्येक जण खरेच सांगतो की हे आमच्याकडे येत नाही.

भरपाई किती याला ठरीव दर नाही. फळझाडाच्या बाबतीत वर्षाचे निव्वळ उत्पन्न आणि ते अजून किती वर्षे मिळाले असते, यावरून हिशेब करतात. केरळ राज्य विद्युत मंडळाच्या एका प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरसकट एकच गणित सगळ्यांना लावता येणार नाही. जमीन कुठे आहे, वाहिनी तिच्या कडेने जाते की मधून, किती भागावरून जाते, हे प्रत्येक वेळी पाहावे लागेल.

परंतु तहसीलदारापुढे उत्पन्नाच्या आधी प्रश्न येतो तो वयाचा. तार कधी टाकली याची नोंद कंपनीच्या दप्तरात असते. झाड कधीचे, याची नोंद कोणाकडे असते?

सातबाऱ्यावर झाडांची नोंद असेल तर तिच्यासारखा पुरावा नाही. २०२१पासून राज्यभर सुरू झालेल्या मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला बांधावरची झाडेही नोंदवता येतात. ही सोय फार थोडे लोक वापरतात. रोपवाटिकेची पावती, जुना फोटो, शाळेच्या वृक्षारोपणाच्या इतिवृत्तातली ओळ, हे सगळे चालते. काहीच नसेल तर झाडालाच विचारावे लागते, आणि सगळी झाडे सारखी बोलत नाहीत. सागाला स्पष्ट वार्षिक वलये असतात. ती इतकी चांगली, की पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांवरून जुन्या काळातल्या पावसाचा अंदाज बांधला. सागाचे झाड तुटले असेल तर बुंध्याची एक चकती राखून ठेवावी आणि तिच्यावर तारीख व साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. आंब्याची वलये अस्पष्ट असतात. तिथे १.३७ मीटर उंचीवर घेर मोजायचा आणि वय माहीत असलेल्या जवळच्या आंब्यांशी ताडून पाहायचा, एवढेच करता येते. अंदाजाला पाच-सात वर्षे इकडेतिकडे जागा राहतेच.

माडाला वलये नाहीतच, कारण त्याचे खोड दरवर्षी जाड होत नाही. पण गळालेल्या प्रत्येक झावळीचा व्रण खोडावर राहतो. पूर्ण वाढलेला माड वर्षाला साधारण १२ झावळ्या टाकतो. व्रण मोजून १२ ने भागावे आणि खोड जमिनीवर दिसू लागण्यापूर्वीची चार-पाच वर्षे मिळवावीत. बुंध्याजवळचे व्रण दाटीचे आणि पुसट असतात, म्हणून मोजणी वरून खाली करावी, आणि शक्य तर तोडणीची माणसे येण्याच्या आधी.